नेणणें : एका लुप्त क्रियापदाची कुळकथा

वर्गांत प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसलें, म्हणजे विद्यार्थी उभा राहून ‘माहीत नाहीं’ असें म्हणतो. हेंच सांगावयास सातशें वर्षांपूर्वींच्या मराठी माणसास एक शब्द पुरत असे. तो म्हणे, ‘नेणें’. मी नेणें, तूं नेणसी, तो नेणे, ते नेणती. न जाणून या अर्थीं नेणोनि, जाणतां येत नाहीं या अर्थीं नेणवे. असें सर्व काळीं व सर्व पुरुषीं चालणारें हें धडधाकट क्रियापद होतें. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० सालच्या ज्ञानेश्वरींत तें पदोपदीं भेटतें. त्याच शतकांतील लीळाचरित्र या गद्य ग्रंथांतही तें आहे. तेव्हां तें केवळ कवींच्या सोयीचें नव्हतें, बोलण्यांतलें होतें, हें उघड आहे. सतराव्या शतकांत तुकोबांच्या अभंगांत तें अजून सुखानें नांदतांना दिसतें. आज मात्र मराठी बोलणारा कोणीही माणूस ‘मी नेणें’ असें म्हणत नाहीं.

इंग्रजींतही अशाच दशेस पोंचलेलें एक क्रियापद आहे. त्याचें मूळ रूप ‘विट’, वर्तमानकाळ ‘वॉट’ आणि भूतकाळ ‘विस्ट’. अर्थ ‘जाणणें’. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत हीं रूपें पुष्कळ ठिकाणीं आहेत. आजच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत तीं शोधूनही सांपडावयाचीं नाहींत. एक जाणण्याचें क्रियापद, दुसरें न जाणण्याचें. एक टेम्स नदीच्या कांठचें, दुसरें गोदावरीच्या. तरी दोघांची कुळकथा शेजारीं शेजारीं ठेवली असतां दोन्ही अधिक उलगडतात, असा वर्गांतला अनुभव आहे. जुनी मराठी कविता मुलांस परकी वाटते, अशी पालकमंडळी तक्रार करितात. तक्रार खरी आहे. परंतु तो परकेपणा सगळ्या भाषेचा नसून बराचसा नेणणें व त्याच्या भावंडांसारख्या कांहीं थोड्या रूपांचा आहे. तीं ओळखीचीं झालीं, कीं निम्मी वाट सरली.

तर प्रथम या शब्दाची घडण पाहूं. संस्कृतांत ‘जानाति’ म्हणजे जाणतो. प्राकृतांत त्याचें ‘जाणइ’ झालें. मागें नकार आला म्हणजे ‘जा’चा उच्चार मृदु होऊन ‘ण याणइ’ असें म्हणत. पुढें नकार आणि ‘या’ यांचें ऐक्य होऊन ‘ने’ झाला, आणि ‘नेणे’ हें मराठी रूप सिद्ध झालें. नकार असा क्रियापदाच्या अंगांत मुरला, कीं तो निराळा काढून दाखवितां येत नाहीं. दुधांत साखर विरघळावी तसा तो शब्दांत विरघळतो.

जुन्या मराठीस ही रीत फार प्रिय होती. न उरे तें नुरे, न उमजे तें नुमजे, न ऐके तो नायके, न घे तो नेघे. भाद्रपदांत आपल्या पनवेलींत घरोघर गणपतीची जी आरती ऐकूं येते, समर्थ रामदासांची म्हणून जी प्रसिद्ध आहे, तिच्या आरंभींच ‘नुरवी’ असा शब्द आहे. ती ज्यांस तोंडपाठ आहे अशा कित्येक विद्यार्थ्यांस मीं त्या शब्दाचा अर्थ विचारला. कोणी तो पुढच्या ‘पुरवी’चा नुसता नादासाठीं आलेला जोडीदार मानला, तर कोणी त्यास विशेष नाम समजले. नुरवी म्हणजे न उरवी. शिल्लक म्हणून राहूं देत नाहीं. एवढें कळल्यावर त्याच मुलांनीं ती ओळ पुन्हां म्हणून पाहिली, तेव्हां त्यांच्या चेहऱ्यावर जें दिसलें तें व्याकरणाच्या तासाला सहसा दिसत नाहीं.

या कुटुंबांतलीं सगळींच मंडळी निवर्तलीं असें मात्र नाहीं. ‘नसणें’ (न + असणें) अजून ठणठणीत आहे. नसतो, नसला, नसावा हीं रूपें आपण दिवसांतून शंभरदां वापरतों आणि त्यांत एक जुनी संधि दडली आहे याची आपणांस शुद्धही नसते. ‘नव्हे’ आहे. ‘नये’ आहे, आणि त्याची फोड गमतीची आहे: न + ये. ‘खोटें बोलूं नये’ याचा शब्दशः अर्थ ‘खोटें बोलणें येत नाहीं’, म्हणजे तें योग्यपणास येत नाहीं, असा होतो. ‘नलगे’ (न + लगे, लागत नाहीं) हें गेल्या पिढींतल्या पत्रांतून कधींमधीं दिसे. आतां तें प्रौढ लेखनापुरतेंच उरलें आहे.

आतां नेणणें या शब्दाचे अर्थ. पहिला सरळच, माहीत नसणें. दुसरा याहून मोलाचा: एखादी गोष्ट करण्याचें ज्ञान नसणें. ‘पोहूं नेणें’ म्हणजे मला पोहतां येत नाहीं. ‘लिहूं नेणे’ म्हणजे त्याला लिहितां येत नाहीं. तुकोबांनीं आपणांस गायनाची कला अवगत नाहीं असें सांगतांना हीच रचना योजिली आहे. इंग्रजींत याला ‘नो हाउ टू’ अशी तीन शब्दांची मोळी बांधावी लागते. तिसरा अर्थ मला सर्वांत सुंदर वाटतो. ‘तो कपट नेणे’ याचा अर्थ कपट म्हणजे काय हें त्यास शब्दकोशांत पाहावें लागतें असा नव्हे. कपटाचा आणि त्याचा कधीं परिचयच झाला नाहीं, तें त्याच्या स्वभावांत नाहीं, असा त्याचा अर्थ. ‘माहीत नाहीं’ या शब्दांनीं ही छटा येत नाहीं. ‘त्याला कपट माहीत नाहीं’ असें आपण म्हणतों खरें, पण तें वाक्य लंगडतें. चौथा अर्थ ‘नकळत’ हा होय: नेणतां घडलेला अपराध, नेणतां पडलेलें पाऊल. जाणून केलेलें आणि नेणतां झालेलें यांतला भेद न्यायाधीशास पाहावा लागतो, शिक्षकास पाहावा लागतो आणि आईस तर रोजच पाहावा लागतो.

आतां इंग्रजी क्रियापदाकडे वळूं. हजार-अकराशें वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत ‘मी जाणतों’ यास ‘वाट’ आणि ‘आम्ही जाणतों’ यास ‘वितोन’ असें म्हणत. ज्यांनीं संस्कृत घेतलें आहे त्यांनीं येथें थोडें थांबावें. विद् धातूचीं ‘वेद’ (मी जाणतों, तो जाणतो) आणि ‘विद्म’ (आम्ही जाणतों) अशीं रूपें आहेत. रूप भूतकाळाचें आणि अर्थ वर्तमानाचा, असा हा विलक्षण प्रकार असल्यामुळें पाणिनीस त्यासाठीं स्वतंत्र सूत्र रचावें लागलें. एकवचनांत ‘वे’, अनेकवचनांत ‘वि’. हेंच जर्मन भाषेंत: एकवचन ‘वाइस’, अनेकवचन ‘विसेन’. होमरच्या ग्रीक भाषेंतही हेंच: ‘ओइदा’ आणि ‘इद्मेन’, तिच्यांतला आरंभींचा वकार पुढें गळाला, इतकेंच. चार भाषांनीं एकच वेडेंवांकडें वळण ठरवून घ्यावें, हा योगायोग असूं शकत नाहीं. १७८६ सालीं सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळच्या भाषा असाव्यात असें प्रतिपादन केलें, आणि १८२२ सालीं याकोब ग्रिम यांनीं व्यंजनांच्या पालटाचा नियम मांडला. त्या नियमाप्रमाणें मूळचा दकार इंग्रजींत टकार होतो: दश आणि टेन, द्वि आणि टू, दन्त आणि टूथ. त्याच हिशेबानें विद् आणि विट.

रूप भूतकाळाचें कां, यालाही उत्तर आहे. या धातूचा मूळ अर्थ ‘पाहणें’ असा होता. ‘मीं पाहिलें आहे’, म्हणून ‘मी जाणतों’. लॅटिनमध्यें तो जुना अर्थ तसाच राहिला. त्या भाषेंत ‘मी पाहतों’ यास ‘विदेओ’ म्हणतात, आणि त्यावरूनच ‘व्हिडिओ’ हा शब्द निघाला. मुलांच्या हातांतल्या मोबाइलवरील व्हिडिओ आणि आपला ‘वेद’ हे एकाच धातूचे वंशज आहेत, हें ऐकून घरांतील वडील मंडळींस काय वाटेल तें वाटो. भाषाशास्त्रास नात्यांतला मानापमान ठाऊक नसतो.

इंग्रजींतही नकार या क्रियापदांत असाच मुरत असे. ‘ने’ हा तिकडचा जुना नकार. ने आणि वाट मिळून ‘नाट’, म्हणजे ‘नेणें’! चॉसर या कवीच्या काळापर्यंत (त्याचा मृत्यु १४०० सालीं झाला) त्याचें ‘नोट’ असें रूप झालें होतें, आणि तो तें सढळ हातानें वापरतो. ने आणि इज मिळून ‘निस’. हें आपल्या ‘नसे’च्या किती जवळ आहे पाहा. ने आणि विल मिळून ‘निल’. तें आज फक्त ‘विली-निली’ या जोडशब्दांत, राजी असो वा नसो या अर्थानें, अडकून राहिलें आहे. इंग्रजीचें हें सगळें नकारी घराणें बसलें. मराठीचें निदान अर्धें उभें आहे. इंग्रजी ही पुढें गेलेली आणि मराठी ही मागें राहिलेली, असें ज्यांस वाटतें त्यांनीं जपणुकीचा हा हिशेबही एकदां मांडून पाहावा.

हे दोन्ही शब्द एकाच माणसाच्या कानीं जिवंत असतांना पडले, असा एक माणूस आपल्याच कोंकणपट्टींत होऊन गेला. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत १५४९ च्या सुमारास जन्मले, १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१९ सालीं तिकडेच त्यांनीं देह ठेविला. त्यांचें ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. त्यांनीं रचिलेलें कोंकणीचें व्याकरण त्यांच्या पश्चात् १६४० सालीं प्रसिद्ध झालें. ज्या इंग्लंडांतून ते निघाले तेथें ‘वॉट’ आणि ‘विस्ट’ अजून चालू नाणीं होतीं. ज्या भाषेंत ते ओव्या रचीत होते तिच्यांत ‘नेणें’ चालू नाणें होतें. पुढच्या दोनअडीचशें वर्षांत दोन्ही टांकसाळी बंद पडल्या.

विट कां मेलें? इंग्रजींत जाणण्याचीं दोन क्रियापदें होतीं. विट हें गोष्ट जाणण्याचें, आणि ‘नो’ हें माणूस किंवा वस्तु ओळखण्याचें. जर्मन भाषेनें असा भेद अजून संभाळला आहे. इंग्रजींत मात्र ‘नो’ हळूहळू दोन्ही कामें करूं लागलें, आणि विटला काम उरलें नाहीं. त्यांत त्याचीं रूपें अवघड. १६११ च्या बायबलांत योसेफाच्या गोष्टींत ‘वॉटेथ’ असें रूप आलें आहे. म्हणजे ‘वॉट’ हेंच तृतीय पुरुषाचें रूप आहे याचा विसर पडून त्यावर प्रत्ययाचा दुसरा अंगरखा चढविला गेला. चालवावें कसें हेंच लोक विसरूं लागले, म्हणजे क्रियापदाची घटका भरत आली असें समजावें. आणखी एक मौज अशी कीं, जुन्या इंग्रजींत ‘इविस’ असा खात्रीनें या अर्थाचा एक साधा शब्द होता. पुढच्या काळच्या लेखकांनीं त्याचे ‘आय’ आणि ‘विस’ असे दोन तुकडे पाडले, आणि ‘मी जाणतों’ असा त्याचा अर्थ लावला. जें क्रियापद कधीं जन्मलेंच नव्हतें तें अशा रीतीनें कवितेंत मिरवूं लागलें!

मेलेल्या विटची मालमत्ता मात्र मोठी आहे. वाइज आणि विझडम हे त्याच गोताचे. ‘टू विट’ हें कायद्याच्या कागदांत ‘तपशील येणेंप्रमाणें’ या अर्थीं अद्याप लिहितात. ‘विटनेस’ म्हणजे मूळांत ज्ञान, मग तें ज्ञान सांगणारा. आपला ‘साक्षी’ हा अक्ष म्हणजे डोळा या शब्दावरून आला. दोन्ही भाषांनीं साक्षीदार डोळ्यापाशींच बसविला. आणि ‘अनविटिंगली’ हें तर आपल्या ‘नेणतां’चें हुबेहूब भाषांतर आहे.

विटला ज्या ‘नो’नें हुसकून लावलें, तें आपल्या ‘जाणणें’चें सख्खें चुलतभावंड आहे. त्याच्या आरंभीं जो मुका ‘के’ लिहितात तो पूर्वीं बोलत असत, आणि तो संस्कृत ज्ञा धातूंतील जकाराच्या जागीं आहे. जानु आणि नी (गुडघा) यांतही तोच न्याय, तेथेंही ‘के’ मुकाच. म्हणजे इंग्लंडांत ज्ञा धातूनें विद् धातूस जिंकलें. मराठींतही विद् धातूचें चालतें क्रियापद राहिलें नाहीं. विद्या, विद्वान, विदित अशीं संस्कृत रूपेंच राहिलीं, आणि राज्य ‘जाणणें’कडे आलें.

तें राज्यही पुढें टिकलें नाहीं, आणि त्याबरोबरच नेणणें गेलें. हें नीट पाहण्यासारखें आहे. ‘मी जाणें’ आणि ‘मी नेणें’ या वाक्यांत जाणणारा माणूस कर्ता आहे, प्रथमा विभक्तींत ताठ उभा आहे. आजच्या मराठींत ‘मला माहीत आहे’, ‘मला ठाऊक नाहीं’, ‘मला कळत नाहीं’, ‘मला येत नाहीं’. माणूस कर्त्याच्या आसनावरून उतरला आणि ‘ला’ प्रत्यय लावून बाजूस उभा राहिला. ज्ञान आतां त्याच्याकडे येतें किंवा येत नाहीं. ‘मला गणित येत नाहीं’ असें विद्यार्थी म्हणतो, तेव्हां जणूं गणितानेंच दोन पावलें चालून त्याच्या घरीं यावयाचें राहिलें होतें! तुकोबा मात्र ‘नेणें’ म्हणतात तेव्हां आपलें अज्ञान स्वतःच्या नांवावर मांडून घेतात. अर्थात् व्याकरणावरून स्वभावाचें निदान करणें धोक्याचें आहे. भूक आणि आवड हींही आपण ‘मला’ लावूनच बोलतों, आणि त्यांत आपला आळस दिसत नाहीं. तरी ‘मी’चा ‘मला’ झाला तेव्हां एक करारी वाक्य भाषेंतून गेलें, असें मला वाटतें, आणि त्याची हळहळही वाटते.

गेलें म्हणजे सर्वस्वीं गेलें असें नव्हे. क्रियापद मेलें तरी त्याची धातुसाधितें उरतात. ‘जाणता’ सर्वांस ठाऊक आहे. ‘जाणता राजा’ हे शब्द शाळेंतलें लहान मूलही ओळखतें. त्याचा जोडीदार ‘नेणता’. ‘नेणतें लेंकरूं’ असें वडीलधारीं माणसें म्हणतात, तें मूल मूर्ख आहे म्हणून नव्हे, त्यास अजून बरेंवाईट उमगलेलें नाहीं म्हणून. मोल्सवर्थ यांच्या कोशांत (पहिली आवृत्ति १८३१, दुसरी १८५७) नेणणें आणि नेणता हे दोघेही आहेत. फौजेंतला हा इंग्रज गृहस्थ आपल्या आजोबापणजोबांचे शब्द नीट नोंदवून गेला, हें आपलें भाग्य.

‘नेणीव’ या शब्दाचें नशीब तर अपूर्व आहे. जाणीव आणि नेणीव ही जोडी हरिपाठांत आहे, म्हणून ती वारकरी घरांतून कधीं लोपली नाहीं. विसाव्या शतकांत फ्रॉइड आणि युंग यांचें मनोविज्ञान मराठींत आणण्याची वेळ आली, तेव्हां मनाच्या ज्या तळघरांत आपणांस स्वतःस पाहतां येत नाहीं त्यास नांव हवें होतें. मराठी लेखकांस तें घरांतच सांपडलें. आज समीक्षक ‘सामूहिक नेणीव’ असें सहज लिहितात. इतका नेमका शब्द इंग्रजीसही लाभला नाहीं. तिला जाणीवेच्या मागें ‘अन’ लावूनच भागवावें लागलें.

याच्या उलट एक गोष्ट घडली आहे. आपलीं मुलें हल्लीं ‘त्यानं मला इग्नोर केलं’ असें म्हणतात. हा ‘इग्नोर’ लॅटिनमधला. नकार आणि ज्ञा या धातूचा लॅटिन अवतार यांचा तो बनलेला आहे. घटकांनीं पाहतां तो अक्षरशः ‘नेणणें’ होय, आणि सतराव्या शतकांत इंग्रजींत त्याचा अर्थही ‘माहीत नसणें’ हाच होता. पुढें अर्थ पालटला. आज जाणूनबुजून न पाहिल्यासारखें करणें यास ‘इग्नोर’ म्हणतात. नेणतेपणाचा शब्द पुरता जाणता होऊन बसला. आम्हीं नेणणें दारांतून घालविलें, आणि तें परक्या पोशाखांत खिडकींतून परत आलें तेव्हां ओळखलें नाहीं.

राहतां राहिलें नेणणें या क्रियापदाचें आजचें जिवंत घर. तें पनवेलीहून फार दूर नाहीं. आपल्या स्थानकावर कोंकण रेल्वेची जी गाडी मिळते ती रात्रभरांत तेथें पोंचते. गोव्यांत कोंकणी बोलणाऱ्या माणसास एखादी गोष्ट माहीत नसली, म्हणजे तो आजही ‘हांव नेणां’ असें म्हणतो. मराठी आणि कोंकणी या दोन स्वतंत्र भाषा. पण थोरल्या बहिणीनें टाकलेला दागिना धाकटीनें अंगावर घालावा, किंवा धाकटीनें टाकलेला थोरलीनें (थोरली कोण, हा वाद येथें नको), तसें हें झालें आहे. आपल्या शाळेंत गोव्याकडील कुटुंबांतलीं मुलें येतात. त्यांच्या आजीस ‘मला माहीत नाहीं’ याची कोंकणी विचारून पाहावी.

सुटींत करावयासाठीं थोडा अभ्यास देतों. नुपजे, नुठे, नोळखे, नेघे आणि नायके हीं रूपें फोडून त्यांचे अर्थ लिहावेत; घरांतील वडील माणसांच्या बोलण्यांत, ओव्यांत किंवा जात्यावरच्या गाण्यांत यांपैकीं कोणतें ऐकूं येतें तें कोणाकडून ऐकलें त्या नांवानिशीं टिपून आणावें. यांत नसलेलें एखादें नवें रूप ज्यास सांपडेल, त्याची वही शाळा उघडल्यावर सर्वांआधीं पाहिली जाईल.